पठारावरचे अर्धे पंखे बंद का दिसतात?

साताऱ्यात आमच्याकडे पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला. बोगद्यातून बाहेर पडायचं, सज्जनगड करायचा, ठोसेघरचा धबधबा बघायचा आणि तिथून तसंच पुढं चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांसमोर फोटो काढायला जायचं. आणि गाडीतून उतरल्या उतरल्या कोणीतरी हमखास विचारतंच, "अरे एवढं वारं सुटलंय, टोपी उडतीय, मग अर्धे पंखे बंद का?" आधी मी "मेंटेनन्स असेल" म्हणून वेळ मारून न्यायचो. मग एकदा नीट वाचायला घेतलं आणि लक्षात आलं की या एका प्रश्नात पवनऊर्जेच्या धंद्याची जवळपास सगळी दुखणी येतात, आणि त्यातली बरीचशी याच पठारावर उभं राहून दिसतात पण.

आधी थोडं सायन्स, घाबरू नका, शाळेतलंच आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणजे उलट बाजूनं बघा, वारा दहा टक्क्यांनी कमी वाहिला तर ताकद सत्तावीस टक्क्यांनी घसरते. बँकेचा हप्ता मात्र सत्तावीस टक्क्यांनी घसरत नाही. त्यात पुन्हा साधारण सेकंदाला ३ मीटरच्या खाली वारा असेल तर मशीन वीजच देत नाही, आणि २०-२५ मीटरच्या पुढं गेला, म्हणजे वादळच झालं, तर मोडू नये म्हणून स्वतःला बंद करून घेते. आणि समोर आलेल्या वाऱ्यातली जास्तीत जास्त ५९ टक्के ताकदच काढता येते, कितीही भारी डिझाइन करा, हा निसर्गाचा नियम आहे, कारण सगळी ताकद काढून घेतली तर वारा पंख्यामागं थांबूनच राहील आणि नवा वारा यायला वाट उरणार नाही.

दुसरी गोष्ट पात्याची. पातं दुप्पट लांब केलं की ते जो गोल फिरवतं त्याचं क्षेत्रफळ चौपट होतं. आजच्या मोठ्या टर्बाइनचं पातं ७० मीटरच्या आसपास असतं, तो गोल जमिनीवर अंथरला तर पावणेचार एकर भरेल. एवढं रान एक मशीन हवेत नांगरते! चाळकेवाडी-वनकुसवड्याला सुरुवातीला बसवलेल्या मशीन यापुढं खेळणी वाटतात, त्यातल्या कितीतरी ३५० किलोवॅटच्या किंवा त्याहून लहान आहेत. हे लक्षात ठेवा, शेवटी परत येऊ इथं.

आता वारा कधी येतो ते बघा. आपल्याकडं खरा वारा म्हणजे मान्सूनचा, जून ते सप्टेंबर. वर्षाच्या विजेतला निम्म्याहून जास्त वाटा या चार महिन्यांत येतो. आणि नेमकं तेव्हाच काय असतं? कोयना भरत आलेली असते, शेतीपंप बंद असतात, एसी बंद, विजेची मागणी कमी. मार्गशीर्षात गव्हाला-हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं तेव्हा पंप सुरू आणि पंखे गप्प. म्हणजे पोरगं आषाढात चोवीस तास राबायला तयार आणि सुगीला म्हणतंय अंग दुखतंय. वीज साठवता आली असती तर प्रश्न नव्हता, पण आषाढातली वीज मार्गशीर्षापर्यंत साठवणारी बॅटरी अजून कोणाला परवडत नाही, बॅटरी दिवसाची संध्याकाळपर्यंत नेते फार तर.

मग एवढं असूनही साताऱ्याच्या डोंगरावर १९९० च्या दशकाच्या शेवटी आणि २००० नंतर धडाधड पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या कशामुळं? वारा होता हे खरं, पण मोठं कारण इन्कम टॅक्स. सरकारनं तेव्हा नियम केलेला की पवनचक्की घेतलीत तर तिची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा, म्हणजे मशीनच्या झिजेचा खर्च, म्हणून दाखवा. समजा एखाद्या कारखानदाराला वर्षाला पाच कोटी नफा झाला, त्यानं पाच कोटींची पवनचक्की घेतली, घसारा पाच कोटी, कागदावर नफा शून्य, टॅक्स वाचला. वीज तयार झाली तर बरंच, नाही झाली तरी अर्धं काम मार्चएंडलाच झालेलं असायचं! पवनचक्क्या घेणाऱ्यांत वाहनवाले होते, कापडवाले होते, ज्यांचा विजेच्या धंद्याशी काही संबंध नाही असे बरेच होते. बजाज ऑटोनंसुद्धा वनकुसवड्याला ६५ मेगावॅटचा प्रकल्प उभा केला. मी याला थेट वाईट म्हणणार नाही, कारण त्या सवलतीशिवाय हा उद्योग भारतात जन्मलाच नसता. पण इनाम मिळत होतं ते मशीन उभी करायला, ती पळवायला नाही, आणि त्याची फळं आज दिसतात. २० वर्षांची जुनी मशीन, गिअरबॉक्स गेला, स्पेअर मिळत नाही, मालकाचा फायदा कधीच वसूल झालाय, मग दुरुस्तीला पैसा कोण घालणार? बंद पंख्यांचं हे पहिलं उत्तर.

ही सवलत पण एका जागी राहिली नाही. १०० टक्के घसाऱ्याची ८० झाली, २०१२ मध्ये काढून टाकली, धंदा धाडकन पडला, २०१४ मध्ये परत आणली, २०१७ पासून ४० टक्के. कारखाना काढणाऱ्यानं काय समजायचं यातनं? पाती, टॉवर, गिअरबॉक्स बनवणारे छोटे छोटे सप्लायर असतात, त्यांना एक वर्ष ऑर्डर फुल्ल आणि पुढच्या वर्षी शटर खाली.

सुझलॉनचं उदाहरण घ्या, पुण्याची कंपनी म्हणून आपल्याला जवळची. तुलसी तांती यांचा गुजरातेत कापडाचा धंदा होता, विजेचं बिल परवडेना म्हणून स्वतःपुरत्या दोन पवनचक्क्या घेतल्या आणि मग १९९५ मध्ये पवनचक्क्यांचीच कंपनी काढली. २००५ मध्ये शेअर बाजारात आली, २००६ मध्ये बेल्जियमची गिअरबॉक्स बनवणारी हॅन्सन घेतली, २००७ मध्ये जर्मनीची पवनचक्क्या बनवणारी रीपॉवर, सगळं कर्ज काढून. आणि नेमकं तेव्हाच अमेरिकेत लावलेल्या मशीनच्या पात्यांना तडे जायला लागले, पाती काढून मजबूत करून द्यावी लागली, पाठोपाठ २००८ ची मंदी. २०१२ मध्ये कंपनी परदेशी रोख्यांचे पैसे देऊ शकली नाही, २०१५ मध्ये जर्मन कंपनी विकून टाकली, आणि २०२० मध्ये शेअर दोन रुपयांच्या आसपास लोळत होता. पुढं सावरली, कर्ज फेडलं, हे पण खरं, पण तांती ते पूर्ण बघू शकले नाहीत, ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले. माझ्या ओळखीत दोघांनी तेव्हा स्वस्त म्हणून घेतलेला आणि कंटाळून विकलेला, तो विषय त्यांच्यासमोर काढायचा नाही.

आणि हे आपल्याच कंपनीचं झालं असं समजू नका. सीमेन्स गमेसा, मोठी युरोपियन कंपनी, २०२३ मध्ये जमिनीवरच्या टर्बाइनमधल्या दोषांमुळं अब्जावधी युरोच्या तोट्यात गेली. डेन्मार्कच्या ऑर्स्टेड या वीज कंपनीनं त्याच वर्षी न्यू जर्सीच्या समुद्रातले दोन मोठे प्रकल्प सोडून दिले. त्याच वर्षी ब्रिटन सरकारनं समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी बोली मागवली तर एकही बोली आली नाही, शून्य! या शेवटच्या दोन्हींचं कारण बरंचसं सारखं, पोलाद महागलं, व्याज वाढलं, आणि विजेचा दर मात्र आधीच ठरवून ठेवलेला. कोळशाच्या प्लांटमध्ये खर्च हळूहळू होतो, कोळसा येईल तसा. पवनचक्कीत पुढच्या पंचवीस वर्षांचा बहुतेक खर्च पहिल्याच दिवशी करायचा असतो, वारा फुकट आहे पण पैसा फुकट नाही, त्यामुळं व्याजदर एक-दोन टक्क्यांनी हलला की सगळं गणित हलतं.

परत भारतात या. २०१७ पर्यंत राज्याचा वीज आयोग दर ठरवून द्यायचा, महाराष्ट्रात चांगला दर मिळायचा, पाच रुपये युनिटच्या आसपास. २०१७ मध्ये लिलाव सुरू झाला, म्हणजे उलटा लिलाव, जो कमीत कमी दरात वीज देईल त्याला काम. फेब्रुवारीत ३ रुपये ४६ पैसे, ऑक्टोबरात २ रुपये ६४ पैसे, डिसेंबरात गुजरातेत २ रुपये ४३ पैसे. पेपरात बातम्या आल्या, पवनऊर्जा स्वस्त झाली, वा वा. आणि प्रत्यक्षात २०१६-१७ मध्ये देशात साडेपाच हजार मेगावॅट उभे राहिले होते ते पुढच्या वर्षी पावणेदोन हजारांवर आले. कारण त्या दरात फक्त गुजरात-तमिळनाडूतल्या एकदम जोरदार वाऱ्याच्या जागा परवडत होत्या, सगळे तिकडंच पळाले, तिथं जमीन मिळेना, वीज वाहून न्यायला लाइन नाहीत. महाराष्ट्रातला मध्यम वारा त्या दरात बसतच नव्हता. घरी रंगकाम काढल्यावर सगळ्यात स्वस्त कोटेशनवाला निवडला आणि तो अर्ध्यात पळाला, हे ज्यांनी भोगलंय त्यांना जास्त सांगायला नको. सोलरचं पण असतंच, त्याच वर्षी राजस्थानात भडल्याला सोलर २ रुपये ४४ पैशांवर आलेलं, म्हणजे शेजारच्या दुकानात तोच माल जवळपास त्याच भावात. फक्त सोलर संध्याकाळी सात वाजता घरी जातं आणि वारा रात्रीपण वाहतो, म्हणून आता दोन्ही एकत्र करून विकायचे टेंडर निघतात, आणि मला वाटतं पवनऊर्जा टिकली तर या जोडीमुळंच टिकेल.

वीज बनवली, विकली, तरी पैसे येतीलच असं नाही. राज्यांच्या वितरण कंपन्या वर्ष-वर्ष बिलं थकवायच्या, आपल्याकडं सुद्धा. २०२२ मध्ये केंद्रानं उशिराच्या पेमेंटचे नियम कडक केले, जुनी थकबाकी ४८ हप्त्यांपर्यंत फेडायची सोय दिली, तेव्हा जरा बरं झालं. आणि एक गंमत, पवनचक्कीवाल्याला आधी सांगावं लागतं की उद्या मी किती वीज देणार. दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ तुकडे, प्रत्येक तुकड्याचा आकडा आगाऊ द्यायचा, आणि ठरावीक मर्यादेपेक्षा चुकलं तर दंड. आता सांगा, ज्या देशात "आज पाऊस पडेल किंवा पडणार नाही" यावर आपण जगतो तिथं दुपारी सव्वातीन ते साडेतीन वारा किती असेल हे आदल्या दिवशी कसं सांगायचं? ग्रिड सांभाळणाऱ्यांचीही चूक नाही, त्यांना बनलेली वीज आणि वापरलेली वीज क्षणाक्षणाला जुळवावी लागते. कधी वीज जास्त झाली तर ते पवनचक्क्या बंद करायला पण सांगतात, तमिळनाडूत याच्यावरून वर्षानुवर्षं भांडण आहे. बंद पंख्यांचं हे दुसरं उत्तर, वारा आहे, मशीन ठीक आहे, वरून फोन आलाय.

आता पर्यावरण. इथं मला सरड्याची गोष्ट सांगायचीय, माझी सगळ्यात आवडती. चाळकेवाडीच्या पठारावर एक सरडा असतो, नराच्या गळ्याखाली पंख्यासारखी झालर, निळी, काळी आणि केशरी, मादीला दाखवायला आणि दुसऱ्या नराला दम द्यायला तो ती फडकवतो. २०१६ मध्ये संशोधकांनी याला नवीन नाव दिलं, आणि शास्त्रीय नाव म्हटलं की आपल्याला वाटतं काहीतरी जिभेला गाठ मारणारं लॅटिन असणार, तर याचं नाव आहे सरडा सुपर्बा. पहिला शब्द आपला, मराठी, जसाच्या तसा! तर २०१८ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांचा एक अभ्यास छापून आला. त्यांनी पठाराचा पवनचक्क्यांचा भाग आणि जवळचाच पवनचक्क्या नसलेला भाग, असे दोन्ही तपासले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीनं कमी. ते सगळे आपटून मेले असं नाही, त्यांनी ती जागा टाकली. मग सरड्यांची मजा, खाणारं कोणी नाही, त्यांची संख्या वाढली. रक्त तपासलं तर ताणाचं हार्मोन कमी, माणूस जवळ गेला तरी लवकर पळेनात. पण गर्दी वाढली, खाण्यावरून स्पर्धा वाढली, अंगानं वाळले, आणि नरांच्या गळ्याचा रंग फिका पडला. म्हणजे टर्बाइननं सरड्याला हात पण लावला नाही, तरी वरचा शिकारी बाजूला झाल्यावर खालचं सगळं बदललं, वाघ गेल्यावर जंगलाचं होतं तसं, फक्त इथला वाघ आकाशात होता.

पवनऊर्जेला धूर नाही म्हणून सरकारी यादीत ती पांढऱ्या गटात, म्हणजे प्रदूषणच नाही असं धरलेलं. आणि २००६ च्या अधिसूचनेनुसार पवन प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत नाही, वनजमीन असेल तर वनखात्याची परवानगी तेवढी लागते. मला हे पटत नाही. धूर नसला तरी रस्ता असतोच की! ७० मीटरचं पातं घाटातनं वर न्यायचं, क्रेन न्यायची, तर डोंगर कापून रुंद रस्ता करावा लागतो. पुणे जिल्ह्यात भीमाशंकरच्या बाजूला आंध्रा लेकचा पवन प्रकल्प झाला, शेकरूचं रान ते, सुमारे १९४ हेक्टर वनजमीन लागली, आणि माधव गाडगीळ समितीनं २०११ च्या अहवालात त्यावर लिहिलंय, रस्त्यांसाठी उतार कसे फोडले आणि माती कशी वाहून गेली ते. सह्याद्रीत एकदा उतार उघडा पडला की पहिल्या पावसात काय होतं ते घाटात राहणाऱ्याला माहितीय. मंजुरीची पूर्ण भानगड नको असेल तर नका लावू, पण निदान कोणत्या पठारावर लावायचं नाही याची यादी तरी आधी करा.

माळढोकचा मामला थोडा वेगळा. तिथं पात्यापेक्षा तारा जास्त घातक. माळढोक वजनदार पक्षी, समोरचं त्याला नीट दिसत नाही, डोळे बाजूला असतात आणि उडताना तो खाली जमिनीकडं बघत असतो, तार दिसली तरी एवढं वजन पटकन वळत नाही. देशात दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात, जिथं वारा आणि ऊन दोन्ही भरपूर, म्हणजे प्रकल्प पण तिथंच. सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये त्या भागातल्या तारा जमिनीखाली घ्या म्हणून सांगितलं, कंपन्या म्हणाल्या एवढ्या मोठ्या दाबाच्या तारा पुरणं शक्यही नाही आणि परवडतही नाही, २०२४ मध्ये कोर्टानं आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. आपल्या सोलापूरच्या नान्नजला माळढोकचं अभयारण्य आहे, पण तिथं तो दिसणं आता नशिबाचीच गोष्ट. उपाय अगदीच नाहीत असं नाही, नॉर्वेत स्मोला बेटावर तीनातलं एक पातं काळं रंगवून बघितलं तर पक्षी मरण्याचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं, चारच टर्बाइनवरचा प्रयोग आहे, पण रंगाच्या डब्याला किती खर्च येतो?

बरं, एक आरोप मात्र पवनचक्कीवर उगीच आहे. पवनचक्क्यांमुळं ढग पळतात, पाऊस जातो, हे सातारा-सांगली-धुळ्यात दुष्काळात लोकांनी मनापासून मानलेलं, मोर्चे निघालेले. पाऊस देणारे ढग किलोमीटरभर आणि त्याहून कितीतरी वरपर्यंत पसरलेले असतात, तेव्हाचे टॉवर ५०-७० मीटरचे, पात्याची हवा तिथपर्यंत जातच नाही. पण मी त्या लोकांना हसणार नाही. गावाच्या डोक्यावर शेकडो पंखे आले, वीज मुंबई-पुण्याला गेली, गावात लोडशेडिंग तसंच, आणि त्याच वर्षी पाऊस नाही, तर माणूस काय जोडणार?

ते जुनं दुखणं नव्या रूपात मराठवाड्यात दिसतंय. बीड, धाराशिवकडं आता मोठ्या मशीन येतायत. एका टॉवरला जमीन फार लागत नाही, पण रस्ता, क्रेनची जागा, तारांखालची जमीन धरली की कितीतरी जणांच्या सातबाऱ्याला हात लागतो. दलाल आधी येऊन जातो, शेजाऱ्याला किती दिले ते कोणी सांगत नाही, तार मधून गेली तर मोबदला किती यावरून काम अडतं. आणि जिथं कंपनीला घाई आणि गावात बेकारी असते तिथं खंडणीवाले पोचतात. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला, त्याच्या मुळाशी पवनचक्की कंपनीकडं मागितलेली दोन कोटींची खंडणी होती असं तपासात पुढं आलं, खटला कोर्टात आहे. पवनऊर्जेच्या सेमिनारमध्ये अडचणींची स्लाइड असते, लँड अँड लोकल इश्यूज, एवढंच लिहिलेलं. त्या चार शब्दांत एक माणूस गेलेला असतो.

आता परत पठारावर या, त्या खेळण्यांपाशी. हिशोब करा, ३५० किलोवॅटची जुनी मशीन वर्षातल्या वीस टक्के क्षमतेनं चालली तर सहा लाख युनिट देते. ३ मेगावॅटची नवी, उंच टॉवरची, पस्तीस टक्क्यांनी चालली तर ९२ लाख. म्हणजे पंधरा जुन्या काढा आणि एक नवी लावा, तेवढीच वीज. याला रीपॉवरिंग म्हणतात, सरकारनं २०१६ मध्ये धोरण आणलं, २०२३ मध्ये सुधारलं, आणि तरी फार काही हललेलं नाही. कारण त्या पंधरा मशीनचे मालक नऊ असतात, एक कारखानदार, एक डॉक्टर, एक कंपनी जी बुडीत निघालीय, सगळ्यांच्या सह्या पाहिजेत. त्यात वितरण कंपनीशी केलेला तेरा वर्षांचा करार संपलेला, नव्याला दर कोण किती देणार माहिती नाही. आणि आता शेजारी सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, २०१० पासून, तेव्हा नव्या उंच मशीनला परवानगी सहज मिळेल असं नाही. देशातल्या सगळ्यात चांगल्या वाऱ्याच्या जागा अशा जुन्या, लहान, अर्धवट बंद मशीननी अडवून ठेवल्यात, बसस्टँडवरच्या सीटवर रुमाल टाकून माणूस घरी जाऊन झोपावा तशा. मला विचाराल तर पंधराच्या जागी एक हे पक्ष्यांनाही बरं पडेल, पण खात्रीनं नाही सांगत, कारण नव्या पात्याचं टोक आणखी वर जातं आणि घारी-गरुड तिथंच घिरट्या घालतात, ते सरड्यांच्या लोकांनीच परत मोजावं.

आणि काढलेल्याचं करायचं काय? टॉवरचं लोखंड, जनरेटरचं तांबं भंगारवाला हसत नेतो, न सांगता पण नेतो कधीकधी, तारा चोरीला जातातच. पात्याला मात्र तो हात लावत नाही. काचेचे धागे, मध्ये बाल्सा नावाचं हलकं लाकूड आणि सगळं रेझिनमध्ये घट्ट बसवलेलं, हे रेझिन एकदा कडक झालं की वितळत नाही, त्यामुळं प्लास्टिकच्या बादलीसारखं वितळवून परत काही ओतता येत नाही. अमेरिकेत वायोमिंगमधल्या कॅस्पर गावात पाती कापून सरळ जमिनीत पुरली, ते फोटो २०२० मध्ये जगभर फिरले. जर्मनीत तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत घालतात, त्यात निदान राख आणि काच सिमेंटमध्ये जाते. सीमेन्स गमेसानं २०२१ पासून रेझिन सुटं करता येईल अशी पाती आणलीत, पण ती नव्यांसाठी. आपल्या पठारावरची जुनी पाती ज्या दिवशी उतरतील त्या दिवशी ती घाटातनं खाली आणायला परत मोठा ट्रेलर लागणार, नाहीतर वरच करवतीनं कापावी लागणार, आणि काचेची ती धूळ तिथंच कातळावर बसणार, जिथं आपला सरडा उन्हाला बसतो.